घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असताना: सोलापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात आयुष्यभर नर्सची नोकरी केली आणि त्यातली शेवटची सात वर्षं घरी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांभाळलं. आप्पा कापड गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. वॉर्डात आठ तास रुग्ण सांभाळणं आणि घरी चोवीस तास बाप सांभाळणं यात किती अंतर आहे, ते मला तेव्हा कळलं. निवृत्त झाल्यापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे लिहून ठेवले आहेत. औषधांचे डोस मात्र मला विचारू नका, ते डॉक्टरांनाच विचारा.

वय झालं की माणूस विसरतोच. मग त्याला आजार कशाला म्हणायचं?

"साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपल्या इतकी तोंडात बसलीय की आजार उंबरा ओलांडून आत येतो आणि आपण त्याला म्हातारचळ म्हणून पाट मांडतो.

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही आणि तासाभरानं आठवतं, हे वयाचं. चष्मा हातात आहे, पण त्याचं काय करायचं ते सुचत नाही, हे आजाराचं. शेजारणीचं नाव जिभेवर येऊन अडतं, हे तुमचं-माझंही होतं. पण वीस वर्षं ज्या बोळातून येजा केली त्या बोळात उभं राहून "आपलं घर कुठलं?" असं माणूस विचारायला लागला तर थांबू नका.

आप्पांचं सुरुवातीचं लक्षण आमच्या लक्षातच आलं नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याचा वार प्रत्येकाच्या अंगात भिनलेला असतो. आप्पा तो वार चुकायला लागले. एकदा तर काठोकाठ भरलेलं पिंप त्यांनी मोरीत ओतलं आणि पुन्हा भरायला घेतलं. आम्ही हसलो. आई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "ह्यांनी आजवर पाण्याचा एक थेंब सांडला न्हाई."

आईचं बरोबर होतं. माणूस किती विसरतो यापेक्षा तो त्याच्या नेहमीच्या वागण्यापासून किती दूर गेला, ते बघायचं. आयुष्यभर हिशेब ठेवणाऱ्याला सुटे पैसे मोजता येईनात, सुगरणीच्या आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं, शांत माणूस डाफरायला लागला, आणि हे काही महिने वाढतच गेलं, तर दाखवून या.

स्मृतिभ्रंश आणि अल्झायमर एकच का?

नाही. ताप आणि मलेरिया यांचं जसं नातं, तसं समजा. स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात, तो लक्षणांचा समूह. अल्झायमर हे त्यामागचं सगळ्यात मोठं कारण, दर दहा रुग्णांत सहा-सात जणांना तोच असतो. १९०६ मध्ये अलॉईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं पन्नाशीतल्या एका बाईच्या मेंदूत झालेले बदल मांडले, त्यावरून हे नाव पडलं.

मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यानं होणारा स्मृतिभ्रंश आपल्याकडे पुष्कळ दिसतो. त्यामागे बीपी, शुगर, तंबाखू असतात. लेवी बॉडी नावाच्या प्रकारात माणसाला नसलेली माणसं, प्राणी स्पष्ट दिसतात, चाल अडखळते. आणखी एका प्रकारात स्मरणशक्ती बरीच शाबूत राहते आणि स्वभाव बिघडतो, माणूस चारचौघांत भलतंच बोलतो. हा प्रकार बऱ्याचदा साठीच्या आतही सुरू होतो. एकाच डोक्यात दोन प्रकारही नांदतात. भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक या आजारासह जगत आहेत, असा अंदाज आहे. म्हणजे तुमच्या गल्लीतही कुणीतरी असेलच, फक्त ते सांगत नसतील.

कुठे दाखवायचं? कोणत्या तपासण्या होतात?

आधी नेहमीच्या फिजिशियनकडे, मग न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथल्या ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. "वेड्यांच्या डॉक्टरकडं कशाला?" असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. म्हणू द्या.

आप्पांना आम्ही आधी जिथे नेलं, तिथे दोन मिनिटांत "वय झालंय, टॉनिक लिहून देतो" असं उत्तर मिळालं. एक वर्ष त्या टॉनिकात गेलं. म्हणून सांगते, तुम्हाला जे दिसलं ते कागदावर लिहून न्या: कधीपासून, काय काय, आठवड्यातून किती वेळा. डॉक्टरांसमोर पेशंट हमखास नीट वागतो. आप्पांनी तर डॉक्टरांना चहाचाही आग्रह केला होता.

रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. थायरॉईड कमी असलं, बी-१२ कमी असलं, सोडियम उतरलं, तरी माणूस स्मृतिभ्रंश झाल्यासारखा वागतो आणि उपचारानं पुष्कळ सुधारतो. डोक्याचा सीटी किंवा एमआरआय काढतात, कारण महिन्यापूर्वी मोरीत घसरून डोक्याला लागलेला मार आत हळूहळू रक्त साठवत असू शकतो. ते काढता येतं. शिवाय घरातली सगळी औषधं पिशवीत भरून न्या. झोपेच्या, सर्दीच्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्यांनीच बुद्धीवर धुकं येतं.

स्मृतीची चाचणी घेताना पेशंट किती शिकलाय ते आधी सांगा. ज्या आजीनं कधी पाटी धरली नाही, तिला "शंभरातून सात वजा करत चला" म्हटलं तर ती नापास होणारच. निरक्षरांसाठी वेगळे प्रश्न असतात.

आई परवापर्यंत ठीक होती. एका रात्रीत बरळायला लागली. हाच आजार का?

बहुतेक नाही, आणि हे वाचत असाल तर आधी दवाखाना गाठा. स्मृतिभ्रंश पावलापावलानं येतो. तासाभरात, दिवसभरात आलेला गोंधळ, कधी गुंगी तर कधी धडपड, सकाळी बरं आणि रात्री भलतंच, याला डेलिरियम म्हणतात. जुनी माणसं "वातात गेली" म्हणतात. कारण बहुधा शरीरात असतं: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम, साखर खाली जाणं, नवी गोळी, चार दिवस न झालेलं पोट.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला लागली तरी सांगता येत नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारभर झोपलेली आजी संध्याकाळी वेड्यासारखं करते, तेव्हा आजार वाढला असं समजून बसू नका. आधीपासून स्मृतिभ्रंश असलेल्यालाही डेलिरियम होतो, उलट जास्त होतो. मी उन्हाळ्यात आप्पांच्या शेजारी एक खुणेचा तांब्या ठेवायची आणि दुपारपर्यंत तो संपला की नाही ते बघायची. "पाणी प्या" म्हटलं की ते "नको" म्हणत. हातात पेला दिला की पीत. हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

हे डिप्रेशन असू शकतं का?

हो. आणि दोन्ही एकत्रही असू शकतं. जोडीदार गेल्यावर, दुकान मुलाच्या हाती दिल्यावर, गुडघ्यानं घरात बसवल्यावर म्हातारी माणसं आतून विझतात. रडतीलच असं नाही. जेवण कमी होतं, पहाटे तीनला जाग येते, "मला काय करायचंय" हे वाक्य वाढतं. डिप्रेशनमधला माणूस प्रश्न विचारला की "माहीत नाही, सोड" म्हणतो आणि स्वतःच सांगतो की माझं डोकं चालत नाही. स्मृतिभ्रंशातला बहुधा चुकीचं उत्तर ठामपणे देतो आणि "मला काय धाड भरलीय?" असं वर विचारतो. ही ढोबळ खूण आहे, निदान नव्हे. "मला ने रे देवा" हे रोज ऐकू येत असेल तर म्हाताऱ्यांची सवय म्हणून सोडून देऊ नका.

गोळ्यांनी बरं होतं का?

पूर्ण बरं करणारं औषध आज नाही. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमँटीन ही औषधं काही रुग्णांत काही काळ लक्षणं सावरतात. भूक मंदावणं, जुलाब, नाडी मंद होणं असा त्रास झाला तर डॉक्टरांना कळवा, परस्पर बंद करू नका. ब्राह्मी, शंखपुष्पी, बदाम यांनी गेलेली स्मृती परत आल्याचा पुरावा नाही. देत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवून देऊ नका.

एक गोष्ट जरा जोरात सांगते. रुग्ण रात्री त्रास देतो म्हणून "गप्प बसायची गोळी" मागायला लोक केमिस्टकडे जातात. भास आणि आक्रमकपणा यांवरच्या त्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. लेवी बॉडी प्रकारात तर त्यातल्या काहींनी रुग्ण लाकडासारखा ताठ होतो. कधी कधी ती द्यावी लागतात, पण लहान डोस, थोडे दिवस, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

लोक म्हणतात, बाहेरचं आहे. करणी आहे.

सिद्धेश्वराला नारळ फोडा, अक्कलकोटला जाऊन या, त्यानं सांभाळणाऱ्यालाही धीर येतो. पण अंगारा-धुपारा करून म्हाताऱ्या माणसाला मारणारा, उपाशी ठेवणारा भेटला तर तिथून उठा. महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

सासूबाई मलाच चोर म्हणतात. पाहुण्यांसमोरही. मी काय करू?

हा प्रश्न विचारताना प्रत्येक सून रडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाई पैसे कुठेतरी ठेवतात. ठेवल्याची आठवण पुसली जाते, पण पैसे होते हे आठवतं. रिकामी जागा दिसली की मेंदू तिथे गोष्ट रचतो. आता घरात सगळ्यात जवळ कोण वावरतं? तुम्ही. म्हणून चोर तुम्ही. जो सगळ्यात जास्त करतो त्याच्यावरच आळ येतो, आणि दिवाळीत चार दिवस येणारी नणंद "माझी गुणाची" ठरते. यात त्यांचा कावा नसतो. कावा करायलाही शाबूत स्मरणशक्ती लागते.

"मी नाही घेतले" म्हणून शपथा खाऊ नका, वाद वाढतो. "पैसे गेले? थांबा, आपण दोघी शोधू" असं म्हणा आणि खरंच शोधा. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात: उशीचा अभ्रा, पिठाचा डबा, देव्हाऱ्यातल्या आसनाखाली. आमच्या ओळखीच्या एका घरात तीन महिने हरवलेली बोरमाळ शेंगाच्या चटणीच्या बरणीत सापडली. शोधून द्या, पण "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणू नका. छोट्या नोटांचं एक पाकीट त्यांच्या हातापाशी कायम ठेवा. खरे दागिने बँकेत.

आणि नवऱ्यानं, दिरानं, नणंदेनं हे वाचावं: पाहुण्यांसमोर तिच्या बाजूनं बोलायचं काम तुमचं आहे. तिनं स्वतःची बाजू मांडायची पाळी येऊ देऊ नका.

संध्याकाळ झाली की "घरी जायचंय" म्हणून हट्ट. घरातच तर आहेत!

ते "घर" पत्त्यावरचं नसतं. बहुधा लहानपणीचं, आईचं, जिथे जिवाला स्वस्थ वाटत होतं ते. दिवस मावळायला लागला की सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा आलेला असतो, मेंदूचं घड्याळ बिघडलेलं असतं. त्यात बेचैनी वाढते.

आप्पांचं घर म्हणजे गिरणी. भोंगा बंद होऊन कित्येक वर्षं झाली, पण सहाच्या सुमाराला ते पिशवी घेऊन दारात. "पाळी चुकंल की." सुरुवातीला मी खरं सांगायची: आप्पा, गिरणी बंद पडली, तुम्ही रिटायर झालात. दर वेळी त्यांना ती बातमी नवी असायची. गिरणी बंद पडल्याचं दुःख त्यांनी एकदा भोगलं होतं, मी त्यांना ते रोज संध्याकाळी भोगायला लावत होते. हे समजायला मला, नर्सला, चार महिने लागले.

मग खरं सांगणं सोडलं. दिवस मावळायच्या आधीच सगळे दिवे लावायचे, पडदे ओढायचे, टीव्हीवरच्या बातम्यांची भांडणं बंद. दुपारची झोप अर्ध्या तासावर. चारनंतर चहा नाही. तरी निघाले तर "पाळीला जायच्या आधी दोन घास खाऊन घ्या", आणि भाकरीचा तुकडा हातात. खाता खाता पाळी विसरली जायची. कधी गल्लीच्या टोकापर्यंत सोबत चालून परत यायचं.

"पण हे खोटं बोलणं झालं ना?" असं विचारतात. मलाही ते खटकायचं. आता वाटतं, फसवून सही घेणं खोटेपणा आहे. घाबरलेल्या माणसाला चालू क्षणात धीर देणं तसलं नाही. खोटं बोलायचं नसेल तर बोलू नका, नुसतं विचारा: "गिरणीत कोण कोण होतं तुमच्याबरोबर?" आप्पा यावर अर्धा तास बोलायचे.

येणारा प्रत्येक जण विचारतो, "मला ओळखलं का?"

ही परीक्षा बंद करा. दारावर पाटी लावावी इतकी ही सवय वाईट आहे. माणूस नापास होतो, ओशाळतो, मग चिडतो. येणाऱ्यानं स्वतःच सांगावं, "आप्पा, मी मंगळवार पेठेतला तुमचा भाचा." नाव नाही आठवलं तरी आपल्या माणसाची ऊब कळते, आणि भेट विसरली तरी भेटीनं आलेला आनंद काही वेळ टिकतो.

अंघोळीला हात लावू देत नाहीत, मारतात.

कपडे काढणारा माणूस अनोळखी वाटला तर तुम्हीही माराल. पाणी आधी काढून ठेवा, मोरी कोरडी आणि उजेडाची करा, खाली घसरणार नाही असं काही टाका, बसायला खुर्ची द्या. आपल्या गावचा मोठा टॉवेल अंगावर पांघरून त्याच्याआडून धुवायचं, म्हणजे उघडं पडल्याची लाज वाटत नाही. पाणी आधी पायावर, मग हातावर, डोक्यावर शेवटी. रोज नाही झाली तरी चालतं, एक दिवस अंग पुसून काढा. संडासाच्या दारावर चित्र लावा, रात्री दिवा चालू ठेवा. काळं पायपुसणं काढून टाका, त्यांना तो खड्डा वाटतो.

आजी मराठी विसरली, फक्त तेलुगू बोलते. सुनेला काही कळत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतून हे हमखास विचारतात, आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरांतूनही. नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते, आईच्या दुधाबरोबर आलेली मागे राहते. आजी हट्ट करत नाही. पंधरा-वीस शब्द कागदावर लिहून भिंतीला लावा: पाणी, भूक, दुखतंय, संडास, भीती वाटते. एका आजी "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणत होत्या आणि नवी बाई त्यांना निळी साडी आणून दाखवत होती. आजींना नुसतं पाणी हवं होतं.

दिवसभर त्यांना गुंतवायचं कशात?

ज्यात हात मुरलेले आहेत त्यात. हातांची स्मृती उशिरापर्यंत टिकते. विडी वळलेल्या एका बाईंची बोटं रिकामी बसल्या बसल्या हलायची: अंगठा आणि तर्जनी, गुंडाळ, मुडप, गुंडाळ, मुडप. घरच्यांना वाटायचं, फिट येतेय की काय. त्यांच्या मांडीवर सूप ठेवलं, पानाच्या मापाचे जाड कागदाचे तुकडे दिले, दोरा दिला. तंबाखूच्या जागी काही नाही. बाई तासभर वळत बसल्या, मोजून जुड्या बांधल्या, मोजणी चुकली तरी कुणी काही बोललं नाही. त्यांना "आज किती झाल्या?" असं विचारलं की चेहरा फुलायचा.

शेंगा फोडणं, लसूण सोलणं, टॉवेलच्या घड्या घालणं, वाती वळणं, हरिपाठ. काम बरोबर झालं पाहिजे हा आपला हट्ट, त्यांना काम झाल्याचं समाधान पुरतं. घातलेल्या घड्या मात्र त्यांच्या देखत मोडू नका.

जेवताना ठसका लागतो.

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे आपलं दैवत, पण गिळणं बिघडलेल्या माणसासाठी कोरडी चटणी आणि भाकरीचा कडक तुकडा घातकी आहे. भाकरी आमटीत पूर्ण कुस्करून, चटणी दह्यात कालवून द्या. ताठ बसवून भरवा, एक घास गिळल्यावरच दुसरा, जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. पातळ पाण्याचा ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. अन्न फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो, आणि शेवटच्या टप्प्यात पुष्कळांना तोच नेतो. त्या टप्प्यात नाकातून नळी घातल्यानं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. चमच्यानं, जमेल तेवढं, मायेनं भरवणं हाही उपचार आहे. नळीचा निर्णय घाईत घेऊ नका.

घरातून निघून जातात. कोंडून ठेवावं का?

कोंडून एकटं ठेवू नका, आग लागली तर? दाराला वरच्या बाजूला कडी लावा, दारावर घंटी बांधा. कपड्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवा. गल्लीतला किराणावाला, कोपऱ्यावरचा रिक्षा स्टँड, देवळातले गुरव यांना सांगून ठेवा. लाज वाटते, मला माहीत आहे. पण आप्पा दोनदा हरवले आणि दोन्ही वेळा रिक्षावाल्यानंच आणून सोडले. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत आणि पंढरपूरच्या वारीला नेऊ नका. गड्ड्याच्या मिरवणुकीतले नंदीध्वज बघायचेच असतील तर ओळखीच्या घराच्या गच्चीवरून.

हरवले तर ताबडतोब ११२ ला फोन करा, पोलीस ठाण्यात तक्रार द्या. चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे.

बँक, पेन्शन, घराचे कागद?

निदान झाल्या झाल्या, समज शाबूत असताना सगळं बोलून घ्या. मुखत्यारपत्र करून ठेवलं की निश्चिंत असं लोक समजतात, पण करून देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्यानं टिकत नाही. वकिलाला हे आधी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माणसाला पुढे उपचार कसे हवेत ते आधी लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो, बँकेच्या रांगेत उभं करायला नको. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, पण ती अ‍ॅडमिट झाल्यावर उपयोगी, रोजच्या गोळ्यांना नाही.

वडिलांना झालं, म्हणजे मलाही होणार?

बहुतेकांत हा आजार सरळ वारशानं उतरत नाही. धोका थोडा वाढतो, एवढंच. साठीच्या आत घरात अनेकांना झाला असेल तर मात्र डॉक्टरांशी बोला. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी आवरली तर जगातले जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब. बीपी, शुगर, धूम्रपान, दारू, डोक्याचा मार, एकटेपणा ही त्यातली. आपल्यासाठी मी दोन वेगळी काढते: कान आणि डोळे. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्यांना ऐकू कमी येतं आणि घरचे "असू दे" म्हणतात. ऐकू न येणारा माणूस गप्पांतून बाहेर पडतो, मेंदूला खाद्य कमी पडतं. कानाचं मशीन घ्या, मोतीबिंदू काढा.

मला राग येतो. परवा हात उगारला. मी वाईट मुलगी आहे का?

मी आप्पांच्या हातावर मारलं होतं. रात्री अडीच वाजता, तिसऱ्यांदा चादर बदलल्यावर. त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे लहान पोरासारखं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना काही आठवत नव्हतं, मला अजून आठवतं.

तुम्ही वाईट नाही, थकलेले आहात, आणि थकवा धोक्याच्या रेषेवर आलाय. हात शिवशिवले की रुग्ण सुरक्षित आहे एवढं बघून खोलीबाहेर पडा. गच्चीवर जा, तोंड धुवा, पाच मिनिटांनी परत या. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा.

सांभाळणाऱ्यांत नैराश्य फार असतं आणि ते कुणी तपासत नाही. दोन आठवडे झोप नाही, कशात मन लागत नाही, जेवण बेचव, "दोघांनी एकदाच जावं" असे विचार, यातलं काही असेल तर तुम्हालाही उपचार हवेत. टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर आत्ताच लावा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

भावाबहिणींना "जमेल तसं बघा" म्हणून काही होत नाही, वार ठरवून घ्या: दर दुसरा रविवार तुझा, औषधांचा खर्च तुझा. बाहेरगावच्यानं पैसे पाठवावेत आणि सल्ले जपून द्यावेत. पगारी मावशी ठेवली म्हणजे आपण कमी पडलो असं नाही. संस्थेत ठेवावं लागलं तरी नाही. आत्या माझ्याशी सहा महिने बोलली नव्हती, कारण मी दुपारी चार तास बाई लावली. त्या चार तासांत मी झोपायची. एवढंच करायची, झोपायची.

आणि एक विचित्र गोष्ट: माणूस समोर बसलेला असतो आणि आपण त्याच्या जाण्याचं रडू रडत असतो. तेही खरं दुःखच. तेरावं-चौदावं व्हायची वाट बघू नका.

नातवंडांना काय सांगायचं?

खरं ते. "आजोबांच्या मेंदूला आजार झालाय, ते मुद्दाम करत नाहीत, आणि हा आजार हात लावून पसरत नाही." मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. आप्पा पिशवी घेऊन दारात उभे, मी आत भाकरी थापतेय, हात पिठाचे. तो खेळता खेळता वर न बघता म्हणाला, "आजोबा, आज गिरणीला सुट्टी आहे." आप्पा म्हणाले, "व्हय? कसली?" तो म्हणाला, "गड्ड्याची." जून महिना होता. आप्पांनी चप्पल काढली, पिशवी खुंटीला लावली आणि त्याच्याशेजारी बसून गोट्या मोजायला लागले.